मोटर, बॅटरी, पंखा आणि तसराळं

काकांच्या डोक्यातली एक बारीकशी रक्तवाहिनी तुंबली, तेव्हा त्यांच्या विमानाला फक्त मोटर, बॅटरी आणि पंखा बसवायचा राहिला होता. रक्तवाहिनीनं जरा कळ काढली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं, असं काकूंना वाटे. पण रक्तवाहिन्या विचारून तुंबत नाहीत. आणि काकूंना विचारून तर त्या घरात कधीच काही झालं नव्हतं.

विमान तसं खेळातलंच, हातातल्या रिमोटवर उडणारं. पण पंख पसरून टेबलावर ठेवलं की दोन्ही टोकं टेबलाबाहेर जात आणि येणाराजाणारा त्यांना धडकून आधी विमानाची आणि मग काकांची माफी मागे. काका रस्त्यांच्या खात्यात नकाशे काढत. जन्मभर दुसऱ्यांनी जायचे रस्ते आखून निवृत्त झालेल्या माणसाला, रस्ता मुळीच लागत नाही अशी वस्तू करावीशी वाटली तर त्यात नवल नाही. नवल एवढंच, की त्या वस्तूपायी काकूंच्या शिवणाच्या डब्यात एक टाचणी उरली नव्हती आणि घराला बारा महिने डिंकाचा वास येत होता.

आता घराला औषधांचा वास येत होता. काकांची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. रुग्णालयातून घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटून घेत. दोन घास आत गेले तर काकूंना गड जिंकल्यासारखं होई आणि तिसऱ्याला गड परत जाई.

डॉक्टर घरी आले. हात उचलून पाहिला, सोडला, तो खाली पडला.

"गिळता येतंय त्यांना," ते म्हणाले. "गिळायचं नाहीये. वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या तपासणीला नाकातून नळी घालावी लागेल. आणि खरं सांगू का, एकदा नळी घातली की अशी माणसं पुन्हा तोंडानं खायला लागतातच असं नाही."

"मग काय करू?"

"कशात तरी रस वाटायला हवा त्यांना."

"कशात?"

"ते तुम्हालाच माहीत असणार," असं म्हणून डॉक्टरांनी बॅग उचलली. जाता जाता विमानाच्या पंखाला धडकून त्याची माफी मागितली.

काकूंनी विमानाकडे पाहिलं. नाकाच्या जागी एक गोल भोक होतं. चेहरा असा, की कोणी काही बोललं तर ऐकून घेईन, पण माझं काही म्हणणं नाही. काकूंना वाटलं, घरात असे दोघे नकोत. निदान एकाला तरी हलवू या.

शहराच्या दुसऱ्या टोकाला अशा विमानांचं सामान विकणारं एक दुकान होतं. दुकानदार हळू, जपून, वाईट बातमी द्यायची असल्यासारखा बोले. डॉक्टर दुकानदारासारखे घाईत आणि दुकानदार डॉक्टरांसारखा हळू, हे काय गौडबंगाल आहे ते काकूंना शेवटपर्यंत उमगलं नाही.

"मोटर हवी? वजन किती?" त्यानं विचारलं.

"मोटरचं मला कसं माहीत?"

"विमानाचं हो. विमानाच्या वजनावर मोटर ठरते. मोटरवर पंखा. पंख्यावर बॅटरी. आणि बॅटरीचं वजन धरलं की विमानाचं वजन बदलतं." त्यानं सुस्कारा सोडला. "मग पुन्हा पहिल्यापासून."

काकूंना हे ऐकून फार ओळखीचं वाटलं. एकत्र कुटुंबात त्यांची पंचवीस वर्षं अशीच गेली होती.

वजन करायचं ठरलं. घरातल्या माणसांच्या काट्यावर काकू आधी एकट्या उभ्या राहिल्या, मग विमान घेऊन. काट्याच्या मते विमान हातात घेतल्यावर काकू अर्धा किलोनं हलक्या होत होत्या.

"म्हणजे उडतंय!" शेजारचे मेनस्विच म्हणाले.

मेनस्विच हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वीज खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले होते आणि ते बोलायला लागले की बाकीच्या सगळ्यांचं बोलणं एकदम बंद पडे, म्हणून इमारतीनं ठेवलेलं ते नाव. माणूस वाईट नव्हता. काकांना झटका आला तेव्हा गाडी काढून धावले ते हेच. पण मदतीला आलेला माणूस परत कसा पाठवायचा याचं शास्त्र अजून कोणी लिहिलेलं नाही.

शेवटी काकू विमान काखेत मारून भाजीवाल्याकडे गेल्या. त्यानं वांगी बाजूला सारली, विमान तागडीत घातलं आणि भुवईसुद्धा न उचलता म्हणाला, "नऊशे ग्रॅम. आणखी काय देऊ?"

मोटर आली. अंगठ्याएवढी, चकचकीत, तीन तारा बाहेर आलेली. काकूंनी ती बाहेर काढली, मेनस्विचनी खोकं हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली आणला आणि त्यांची पाचावर धारण बसली.

"वहिनी, खाली ठेवा ती! आधी खाली ठेवा!"

"का हो?"

"यावर एक हजार के. व्ही. लिहिलंय. के. व्ही. म्हणजे किलोव्होल्ट. अहो, आपल्या सबस्टेशनला एकशे बत्तीस आहे आणि त्याला दहा फूट कुंपण आहे! हजार किलोव्होल्ट तुम्ही स्वयंपाकघरात, पोळपाटाच्या शेजारी आणलंय!"

पाऊण तासात ही बातमी जिन्यानं वरखाली फिरून आली. तळमजल्याच्या मावशी आपली दोन मांजरं घेऊन अंगणात जाऊन बसल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी दाराबाहेरूनच, उंबऱ्याला पाय न लावता, सांगितलं की कोणाच्या दुःखाबद्दल आपल्याला काही म्हणायचं नाही, पण इमारतीचा विमा आहे. अखेर मोटर वाळूच्या बादलीत घालून गच्चीवर नेऊन ठेवली. नेली काकूंनीच. किलोव्होल्ट ओळखणारा माणूस दोन जिने मागून "जपून, जपून" म्हणत येत होता.

दुकानदाराला फोन केला तेव्हा त्यानं तो आकडा पुन्हा वाचून दाखवायला सांगितला. मग म्हणाला, "बाई, तो आकडा म्हणजे एका व्होल्टला मोटर मिनिटात किती फेरे घेणार तो. हजार फेरे. तिला बॅटरी लागते आपल्या टॉर्चपेक्षा थोडी मोठी."

काकूंनी हे मेनस्विचना सांगितलं. त्यांचा चेहरा जरा उतरला. पण अधिकारी माणूस, लगेच सावरले. "मग तसं लिहावं ना त्यांनी! लोकांचा जीव टांगणीला!" आणि झाल्या गोष्टीची भरपाई म्हणून पंख्याचा विषय त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला.

"पंखा मोठाच घ्या. सरळ हिशोब आहे. पंखा मोठा, वारा जास्त."

तेवढ्यात काकूंचा धाकटा भाऊ आला. तो इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकत असे, त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध होतं. "ताई, पंखा राहू दे कसलाही. बॅटरी मोठी घे. बॅटरीत कंजूसपणा केलेला माणूस मी सुखी झालेला पाहिला नाही."

त्या फोनवर दुकानदारानं हळू, जपून, तीनदा सांगितलं होतं, की जलद फिरणाऱ्या मोटरला लहान पंखा द्यावा. मोठा दिला तर तो ओढायला ती भसाभस वीज खाते आणि जळते. पण दुकानदार परका होता, आणि भाऊ नि शेजारी घरचे होते. घरच्यांचं ऐकून नुकसान झालं तर निदान ते घरात राहतं.

मोठी बॅटरी विमानाच्या पोटात मावेना, म्हणून भावानं ती रबरानं बाहेरून बांधली. हातभर पंखा लावला. मेनस्विचनी "करा सुरू" म्हटलं. पंखा घुर्र करून फिरला, विमान टेबलावर थरथरलं, आणि मोटरला वीज मोजून देणारी जी चपटी डबी असते, जिला कंट्रोलर म्हणतात, तिच्यातून आधी बारीक आणि मग भरपूर धूर आला. स्वयंपाकघराचं छत काळं झालं. मावशी पुन्हा मांजरं घेऊन अंगणात गेल्या.

काकू ओल्या फडक्यानं धूर हाकत होत्या. त्यांचे डोळे चुरचुरत होते. सगळा दोष धुराचा नव्हता. त्यांना वाटलं, आपण हे काय मांडलंय? आत एक माणूस अन्न सोडून पडलाय आणि आपण बाहेर चुलीशी विमानं जाळतोय. सहज त्यांचं लक्ष आतल्या खोलीकडे गेलं.

काकांचं तोंड दाराकडे होतं.

भिंतीकडे नव्हतं. दाराकडे होतं. डोळे त्या जळक्या डबीवर होते आणि चेहऱ्यावर तेच भाव होते जे विमान जोडताना काकू चुकीची लाकडी पट्टी उचलून देत तेव्हा असत. काकूंनी पटकन वाटी नेली. पाच घास गेले.

मग काकू इरेला पेटल्या. भावाला त्याची बॅटरी आणि मेनस्विचना त्यांचा पंखा परत दिला आणि दुकानात जाऊन म्हणाल्या, "आता तुम्ही सांगाल तेच." दुकानदारानं नवा कंट्रोलर, वीतभर पंखा, तळहाताएवढी बॅटरी काढून काचेवर एका ओळीत मांडली. "या तिघांचं पटेल," तो म्हणाला. "कोणी फार ओढत नाही, कोणी फार देत नाही." काकूंना क्षणभर वाटलं, याला संसाराबद्दल दोन गोष्टी विचाराव्यात. पण मागे गिऱ्हाईक उभं होतं.

घरी येऊन काकूंनी तारा स्वतः जोडल्या. लालला लाल, काळीला काळी, पिवळीला पिवळी. रंग जुळले की सगळं जुळलं, असं आयुष्यभर लोकरीनं विणकाम केलेल्या बाईला वाटणं साहजिक होतं. टेबल आतल्या खोलीत, काकांच्या पलंगासमोर आणलं. भावानं शेपटी धरली. मेनस्विच मोक्याची जागा म्हणून विमानाच्या अगदी नाकासमोर उभे राहिले.

मोटर सुरू झाली. धूर नाही, थरथर नाही; एक स्वच्छ, बारीक, गोड सूर. मेनस्विचनी टकलावर डावीकडून उजवीकडे मोठ्या कष्टानं पसरलेले केस उठले आणि मागे झेंड्यासारखे फडफडू लागले.

"काय वारा आहे!" ते ओरडले. "वहिनी, बघा, काय वारा आहे!"

आणि त्या गोंगाटात पलंगावरून आवाज आला. झटका आल्यापासूनचा पहिला.

"उल..." काका म्हणाले. डावा हात विमानाकडे उठला. "उल... टं."

"उलटी!" काकू किंचाळल्या आणि स्वयंपाकघरात धावल्या. स्टीलचं तसराळं आणलं, काकांच्या हनुवटीखाली धरलं, पाठ चोळली. काकांनी तसराळ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. तसराळं कोरडंच राहिलं.

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. मोटर सुरू केली की काका "उल... टं" म्हणत आणि तसराळं येई. डॉक्टरांना कळवलं. त्यांनी उलटी थांबायचं औषध दिलं. त्या औषधानं काका दुपारभर झोपत. जागे झाले, विमान दिसलं, की पुन्हा "उलटं". अधिक जोरानं, डोळे वटारून. डॉक्टरांनी औषध वाढवलं. काका आता संध्याकाळपर्यंत झोपत. झोपलेला माणूस जेवत नाही. पाच घासांवरून गाडी दोनावर आली.

"पोटात काही टिकत नाही म्हणजे नळी लवकर घालावी लागेल," डॉक्टर फोनवर म्हणाले.

"पण उलटी झालेली नाही अजून एकदाही."

"होतेय असं वाटणंही वाईटच," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आयुष्यात इतक्या दिवसांनी तोंडातून एक शब्द काढावा, तो अगदी बरोबर काढावा, आणि त्याबद्दल आपल्याला गुंगीचं औषध मिळावं, यापरता अपमान कुठला? पण काकांची ही बाजू मांडायला काकांखेरीज कोणी नव्हतं, आणि काका झोपलेले होते.

एका दुपारी काकू गोळी आणि पाणी घेऊन पलंगापाशी बसल्या. काका नुकते जागे झाले होते. काकूंनी तळहातावर गोळी पुढे केली. काकांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. धरलं ते घट्ट. काकूंना वाटलं, आता हात झिडकारणार. पण त्यांनी तो हात फिरवला. तळहात खाली, मागची बाजू वर. गोळी जमिनीवर पडून पलंगाखाली गेली. मग हात पुन्हा फिरवला. सरळ. मग पुन्हा.

"उल... टं," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रागानं की आर्जवानं, ते ओळखण्याइतका त्यांचा चेहरा आता त्यांच्या ताब्यात नव्हता.

काकू आपल्या हाताकडे बघत बसल्या. मग टेबलावरच्या विमानाकडे. मग त्यांना मेनस्विचचे केस आठवले. विमान पुढे जायचं तर वारा मागे जायला हवा. आणि हा सगळा वारा त्या माणसाच्या डोक्यावरून पुढे जात होता. इतके दिवस घरातले तीन धडधाकट लोक विमान मागे पळवत होते, आणि चौथा पलंगावरून तेच ओरडून सांगत होता.

"अहो," काकू त्यांच्याकडे वळल्या. "पंखा उलटा फिरतोय?"

काकांनी डोळे मिटले. एखाद्या कार्यालयात वर्षानुवर्षं खेटे घातल्यावर खिडकी उघडावी, तसा चेहरा झाला.

दुकानदार म्हणाला, तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. लालला काळी, काळीला लाल. काकूंनी काळजावर दगड ठेवून रंग बिघडवले. मोटर लावली तेव्हा मेनस्विचचा एक केस हलला नाही आणि शेपटी धरलेल्या भावाचा शर्ट फुग्यासारखा फुगला. काकूंनी तसराळं उचलून माळ्यावर टाकलं आणि गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी त्यावरही काही औषध दिलं असतं.

आता उडवायचं. गावात मोकळं मैदान एकच, आणि ते नगरपालिकेचं. तिथला कारकून समोरच्या माणसाकडे न बघता बोलण्यात पटाईत होता.

"काय उडवायचंय?"

"विमान."

"माणसं किती बसणार?"

"कोणीच नाही."

"मग मालवाहू."

"खेळातलं आहे हो."

"मग खेळणं. मैदानावर खेळणी बारा वर्षांखालच्यांनाच. वय?"

"माझं की विमानाचं?"

कारकुनानं पहिल्यांदा वर पाहिलं. समोरच्या बाईच्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली असावीत, कारण त्याचा आवाज थोडा खाली आला. "हे बघा बाई, पतंग चालतो. सर्व वयोगटांना."

"मग पतंग लिहा."

"पतंगाला दोरी लागते."

"बांधते."

अशा रीतीनं काकांचं विमान पतंग म्हणून मंजूर झालं.

त्या सकाळी चाकांच्या खुर्चीत काकांना बसवून, गळ्याशी शाल गुंडाळून मैदानावर नेलं. वजन इतकं उतरलं होतं की भावानं त्यांना एकट्यानं उचललं. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. नळीबद्दल सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे हवेबद्दल बोलत होते.

रिमोट काकूंकडे होता. भावानं विमान डोक्यावर धरलं. शेपटीला नावापुरती सुतळी होती. ती काकू सोडूनच देणार होत्या, पण मैदानाचा राखणदार आला. त्यानं मंजुरीचा कागद वाचला. "दोरी कोणाच्या हातात?"

"अहो, ती नुसती..."

"कोणाच्या तरी हातात पाहिजे. नाहीतर तो पतंग नाही."

मेनस्विच पुढे झाले. "द्या माझ्याकडे. मी धरतो." आणि त्यांनी सुतळीला हाताभोवती तीन वेढे दिले. नोकरीत एकही मेमो न खाल्लेला माणूस होता तो.

"सोड!" काकू म्हणाल्या.

भावानं विमान पुढे ढकललं. ते जरा खाली आलं, काकूंचं काळीज त्याच्याबरोबर खाली आलं, आणि मग ते वर गेलं. नाक वर करून, त्या स्वच्छ गोड सुरात, उन्हात पंख पारदर्शक होऊन आतली एकेक पट्टी दिसत, ते वर गेलं. मोटरनं फार ओढलं नाही, बॅटरीनं फार दिलं नाही. तिघांचं पटलं होतं. काकांची मान मागे झाली.

"भाऊसाहेब, सोडा दोरी!" काकू मेनस्विचकडे बघून ओरडल्या.

"परवानगीत आहे, वहिनी!" मेनस्विच ओरडले.

सुतळी संपली. विमान हवेत क्षणभर थबकलं, जणू कोणी मागून हाक मारली. मग फिरलं आणि नाकावर जमिनीत घुसलं.

फार आवाज झाला नाही. हलकं लाकूड होतं.

भावानं तुकडे गोळा करून काकांच्या मांडीवर ठेवले, कारण दुसरीकडे कुठे ठेवावेत हे त्याला सुचलं नाही. सगळे काकांकडे बघू लागले. काकांनी तुकड्यांवरून नजर उचलली, काकूंवर रोखली आणि तोंड उघडलं.

त्यात एकही शब्द नव्हता. नुसते हेल होते, पण काय ते हेल! "तुला सांगितलं होतं" होतं, "कोणाला विचारून" होतं, "सगळ्या गावाला कशाला गोळा करतेस" होतं. पंचवीस वर्षांचा पाठ झालेला तो सूर काकू शब्दांवाचून ऐकत उभ्या राहिल्या. आणि मग त्यांचाही तोल गेला.

"मी? मी केलं?" त्या म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड करून कोण पडलं होतं? मी पडले होते? वांग्यांच्या तागडीत विमान घालून आणलं मी! स्वयंपाकघर जाळलं! पतंग लिहून घेतला! आणि तुम्ही तिकडे तोंड करून मरायला निघालात, मला न विचारता! मला कधी काही विचारलंत?"

मेनस्विच हाताचे वेढे सोडवत दुसरीकडे बघू लागले. राखणदार निघून गेला.

काका धापा टाकत होते. काकूंनी पिशवीतून डबा काढला, वाटीत सूप ओतलं आणि ती वाटी धाडकन मोडक्या पंखावर ठेवली.

"घ्या. हातानं घ्या. मी भरवणार नाही. नाहीतर उद्या घाला नाकात नळी, मी सही करते."

काकांनी वाटीकडे पाहिलं. डाव्या हातानं चमचा उचलला. उचलला तोही चुकीच्या टोकानं धरून. पहिला चमचा शालीवर गेला. दुसरा पंखावर. मेनस्विच "वहिनी, त्यांना चमचा जरा..." म्हणत पुढे झाले, तेव्हा काकूंनी नुसती मान फिरवून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मेनस्विच बंद पडले.

तिसरा चमचा तोंडात गेला. सगळा नाही; अर्धा उजव्या कोपऱ्यातून बाहेर येऊन हनुवटीवरून खाली चालला. काकांनी चमचा ठेवला, काकूंच्या हातातला रुमाल ओढून घेतला आणि ओठांची डावी बाजू नीट पुसली. चांगली कोरडी असलेली बाजू. उजवीकडचं त्यांना कळत नव्हतं. रुमालाची घडी मांडीवर ठेवून त्यांनी काकूंकडे पाहिलं.

उजवीकडून सूप ठिबकत होतं.

"हं, झालं स्वच्छ," काकू म्हणाल्या. "पुढचा घ्या."